भूक कधी लागते?

"भूक कधी लागते तुम्हाला?" वैद्यबाईंनी विचारलं आणि मी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं.

ते त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. तिशीच्या असतील, वरळीच्या पोदार कॉलेजात शिकलेल्या, पायात स्पोर्ट्स शूज. दादरला लाकडी जिन्याच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दवाखाना, खाली भाजीवाल्यांचा ओरडा, वर काढ्याचा कडवट वास. मी गेले होते ते जळजळीसाठी. रात्री अडीचला घशाशी आंबट येऊन जाग यायची आणि मग झोप लागायची नाही. ऑफिसातल्या मैत्रिणीने पत्ता दिला होता, शिवाय गोळ्यांचा कंटाळा आला होता. "घड्याळ नका बघू," त्या म्हणाल्या, "भूक कधी लागते ते सांगा." मी म्हटलं, एक वाजता. "ती तुमची जेवणाची सुट्टी झाली." मग रात्री? साडेनऊला. "ती सिरियलची वेळ असेल." तसं म्हटलं तर खरंच होतं. मी हसले, त्याही हसल्या, नाडी पाहिली, जीभ पाहिली, आणि कागदावर जे लिहून दिलं ते चार ओळींत संपलं. भूक लागल्यावर जेवा. गरम जेवा. थोडी जागा ठेवून उठा. जेवताना दुसरं काही करू नका. सोबत एक चूर्ण, आणि 15 दिवसांची वही लिहायची: कधी खाल्लं, त्या वेळी काय करत होता, भूक होती का.

मी मोठ्या पथ्याच्या तयारीने गेले होते. वांगं बंद, दही बंद, मासे तर नक्कीच बंद. मोबाइलवर आठवडाभर वात-पित्त-कफाच्या प्रश्नावल्या सोडवून मी पित्तप्रकृती असल्याचं ठरवूनही टाकलं होतं (एका प्रश्नावलीत वात आली, तेव्हा दुसरी सोडवली). तांब्याची बाटली घेतली होती. जिऱ्याचं पाणी, धण्याचं पाणी, उपाशीपोटी तूप, सगळं माहीत होतं. पावसाळ्यात पालेभाजी टाळा सांगणारे आणि पावसाळ्यात टाकळा खाल्लाच पाहिजे सांगणारे, दोघंही आयुर्वेदाचंच नाव घेतात हेही पाहून झालं होतं. भूक कधी लागते, हे मात्र कोणी विचारलं नव्हतं.

घरी आल्यावर कागद आईला दाखवला. आई आता 77 वर्षांची, डोंबिवलीला माझ्याकडेच असते. तिने चष्मा लावून चारही ओळी वाचल्या. "ह्याका पैशे दिलंस?" ती म्हणाली. "भूक लागल्यावर जेवचा, ह्या सांगूक डॉक्टर व्हयो?"

वही लिहायला लागले. पहिल्या पानावर: सकाळी 6:50, चहा आणि दोन बिस्किटं, डबा भरताना, भूक माहीत नाही. 8:40, अर्धी इडली, गाडीत उभ्याने, मुंब्र्याच्या आसपास, समोरचीने दिली म्हणून. 11:15, कोणाच्या तरी मुलाला नोकरी लागल्याचा पेढा. 1:05, डबा, एका हाताने मेल बघत. 4:00, चहा आणि फरसाण, कारण चार वाजले. घरी स्वयंपाक करताना चव बघण्याच्या निमित्ताने किती गेलं ते लिहिलंच नाही. 15 दिवसांत 83 नोंदी झाल्या आणि 'भूक होती' या रकान्यात खात्रीने टिक करता आली ती 4 वेळा. त्यातली एक वटपौर्णिमेची.

आयुर्वेदात याला नावं आहेत. आधीचं पचायच्या आत पुन्हा खाणं म्हणजे अध्यशन. अवेळी खाणं, किंवा कधी फार आणि कधी फार कमी खाणं म्हणजे विषमाशन. हिताचं आणि अहिताचं एकत्र करून खाल्लं की समशन. समशन हा शब्द मला उगीचच चांगल्या अर्थाचा वाटत होता. आधीचं पचलं की नाही हे ओळखायच्या खुणाही दिल्या आहेत: ढेकर शुद्ध येणं, अंग हलकं वाटणं, उत्साह वाटणं, भूक-तहान लागणं. मी काही दिवस मन लावून ढेकरांचं निरीक्षण केलं. कल्याण लोकलच्या लेडीज डब्यात ते किती अवघड आहे, हे तिथे रोज उभं राहणाऱ्या बाईलाच कळेल. एक जण शेंगा सोलत असते, दुसरी उद्याची गवार मोडत असते, तिसरी सकाळचा उपमा आता संपवत असते, कारण सकाळी वेळच मिळालेला नसतो. सूर्यास्तापूर्वी जेवा म्हणतात. जुलैत मुंबईत सूर्य सव्वासातच्या पुढेमागे मावळतो आणि तेव्हा मी कळव्याच्या खाडीवर असते, माझी पर्स कोणाच्या तरी खांद्यावर आणि कोणाची तरी कोपर माझ्या बरगडीत. आहाराचे नियम लिहिणाऱ्या ऋषींना नदीकाठ ठाऊक होता, खाडी ठाऊक नसावी.

वाचायची सवय असल्याने चरकसंहितेचं मराठी भाषांतर ग्रंथालयातून आणलं. त्यातल्या सूत्रस्थान या पहिल्या भागात रोज काय खावं याची छोटी यादी आहे: साठी तांदूळ, साळी, मूग, सैंधव, आवळा, जव, आकाशातून पडलेलं पाणी, दूध, तूप, रानातल्या प्राण्याचं मांस, मध. त्याच्या अगोदरच रोज खाऊ नये अशांची यादी, आणि तिच्यात दही, उडीद, सुकवलेलं मांस, सुकवलेल्या भाज्या आणि मासे. हे वाचून मी पुस्तक मिटलं. सिंधुदुर्गातल्या घराला यात रोज खाण्यासारखं उरलं ते तांदूळ, मीठ आणि पावसाचं पाणी. आमचा तर पावसाळाच सुक्या मासळीवर जायचा. पाऊस लागला की बोटी किनाऱ्याला, आणि त्या पुन्हा समुद्रात जाईपर्यंत सुकट, सुके बोंबील, सोबत कुळथाची पिठी आणि उकड्या तांदळाचा भात. पुढच्या खेपेला मी वैद्यबाईंना जरा तक्रारीच्या सुरातच विचारलं. त्या म्हणाल्या, त्याच चरकाने अन्नपानाच्या अध्यायात मांसाचा वेगळा वर्ग केलाय, मद्याचासुद्धा केलाय, त्यात कशाने काय होतं तेवढं सांगितलंय. आणि सात्म्य म्हणून एक गोष्ट असते. जे लहानपणापासून खात आलात, ते अंगाला मानवलेलं असतं. बांगडा खा, रात्री उशिरा नको, आणि सोबत दूध नको. सोलकढी चालेल का, हा माझ्या शेजारणीचा प्रश्न मी त्यांच्यापुढे ठेवला. ती बिचारी नारळाच्या दुधालाही दूध समजून वर्षभर माशांसोबत सोलकढी प्यायली नव्हती.

पण मला बोलायचं आहे ते वेगळंच. त्याच पुस्तकात, विमानस्थान नावाच्या भागात, एक श्लोक लागला आणि मी दादर ते डोंबिवली तोच वाचत आले. पथ्याचं अन्न, तेही योग्य मात्रेत खाल्लेलं, पचत नाही. कशाने? चिंतेने, शोकाने, भयाने, क्रोधाने, दुःखशय्येने आणि जागरणाने. दुःखशय्या म्हणजे साधा अर्थ, नीट झोपता न येणारं अंथरूण. शब्द वाचला आणि डोळ्यांपुढे आली ती परळच्या चाळीतली आमची गॅलरी.

बाबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात होते. सातची पाळी, साडेतीनची पाळी, रात्री बाराची पाळी. आमचं घर भोंग्यावर चालायचं. आई खाणावळ चालवायची. सहा गाववाले होते जेवायला, महिन्याच्या पैशांवर, आणि त्यांच्याही पाळ्या वेगवेगळ्या. म्हणजे दिवसात कधीही घरात कोणीतरी जेवत असायचं. समोरच्या खोलीत पंधरा-वीस जण राहायचे, एका वळकटीवर आळीपाळीने झोपायचे. एक उठून कामावर गेला की त्याच्या ऊबेत दुसरा. 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते अशाच खाणावळवाल्या बायकांना घेऊन. आईला कर्ज, बँक असल्या शब्दांची भीती वाटायची, त्यामुळे ती काही त्यात गेली नाही, पण बायका येऊन बोलून जायच्या हे मला अंधूक आठवतं. साडेतीनची पाळी असली की बाबा रात्री सव्वाबाराला घरी यायचे, केसांत कापसाचा भुगा घेऊन. आई स्टोव्हला पंप मारायची. त्या फुरफुरण्याने आम्हा भावंडांची झोप अर्धवट चाळवायची आणि अंधारात तिरफळाचा वास यायचा. बांगड्याचं तिकलं, भात, कधी नुसती पिठी. बाबा मोरीत हातपाय धुऊन बसायचे, मान खाली घालून जेवायचे, एक शब्द बोलायचे नाहीत. न बोलता, न हसता, अन्नात मन ठेवून जेवावं असं चरकाने सांगितलंय. बाबांना ते दमल्यामुळे जमायचं. मग गॅलरीत जाऊन आडवे व्हायचे. रात्री साडेबाराला मासे-भात, लगेच झोप, दर काही दिवसांनी वेळ बदललेली. यातलं काहीही शास्त्रात बसत नाही. आणि बाबांना दगडही पचायचे.

मग संप झाला.

18 जानेवारी 1982. मी नऊ वर्षांची. पहिले काही आठवडे घरात सणासारखे गेले, हे आता लिहायला संकोच वाटतो, पण तसंच होतं. बाबा दिवसा घरी. बाबा आम्हाला शाळेत सोडायला. मुख्य म्हणजे बाबा आमच्याबरोबर जेवायला, दुपारी बाराला आणि रात्री आठला, ताजं, गरम, पाट मांडून. घरात पहिल्यांदाच वैद्याने नेमून द्यावा तसा दिनक्रम आला. आणि त्याच वर्षी बाबांचं पोट बिघडलं. छातीत जळजळ, आंबट ढेकरा, रात्री उठून बसणं. ते चिमूटभर खायचा सोडा पाण्यात टाकून प्यायचे, आई आमसुलाचं पाणी द्यायची, ओवा चावायला द्यायची. आमच्या गिरणीचा भोंगा बंद होता. वेळ कळायची ती शेजारच्या रेडिओवरून. मे महिन्यापर्यंत खाणावळीतले सहाच्या सहा जण गावी गेले. जाताना दोघांनी थकलेले पैसे पुढे देतो म्हणून सांगितलं, आणि आईने त्यांना वाटेत खायला म्हणून भाकऱ्या बांधून दिल्या. आई शेजारच्या इमारतीतल्या एका घरी पोळ्या लाटायला जाऊ लागली. आमच्या ताटात आधी मासे कमी झाले, मग डाळ पातळ झाली, मग संध्याकाळी पेज आणि लोणचं. पेजेला आता मी पथ्य म्हणते, पचायला हलकी म्हणून पाव्हण्यांना सांगते.

त्या दिवसांतलं बाबांचं एक वाक्य आहे. जेवायला बसले की चार घास खायचे आणि ताट पुढे सरकवायचे. "माका नको. पोट भरला." कधी आठवड्यातून एकदा बांगडा आलाच तर त्यांची तुकडी माझ्या ताटात यायची, कारण मी सगळ्यांत धाकटी. मी ती खायची. आनंदाने खायची. त्यांना पित्त झालंय, त्यांना मासे चालत नाहीत, असं आईने सांगितलं होतं आणि माझा त्यावर पूर्ण विश्वास होता. कदाचित ते खरंही होतं. रात्री त्यांना उठून बसलेलं मी स्वतः पाहिलंय. कदाचित दोन्ही खरं होतं. काळजीने भूक मेली होती, आणि जी उरली होती ती त्यांनी लपवली होती. बाबा 2009 साली गेले. विचारायचं राहून गेलं, आणि खरं तर वेळ होता तेव्हाही मी विचारलं नसतं.

तो संप मागे घेतल्याचं कधी कोणी रीतसर जाहीर केलं नाही. आमच्या घरातही त्या वर्षानंतर एक शब्द हळूच वापरातून गेला. आधी आई खेळून आल्या आल्या विचारायची, "भूक लागली काय गो?" त्या वर्षात तिने ते विचारणं सोडलं. विचारून उत्तर 'हो' आलं तर काय करायचं, हा प्रश्न असणार. ती सरळ वेळ झाली की वाढायची. आणि आम्ही मुलं मागायची थांबलो. कोणी दटावलं नव्हतं, तरी थांबलो. पुढे बाबा भिवंडीला मागावर गेले, नंतर एका सोसायटीत वॉचमन झाले, मी ग्रॅज्युएट झाले, नोकरी लागली, घरात फ्रिज आला, फ्रिजमध्ये दही, चीज, चॉकलेट, सगळं आलं. पण वेळ झाली की जेवायचं, समोर आलं की खायचं, टाकायचं नाही, हे अंगात बसलं ते बसलंच. 42 वर्षांनी दादरच्या त्या दवाखान्यात मी घड्याळाकडे पाहिलं ते उगीच नाही. वैद्यबाईंना यातलं काही सांगितलं नाही. त्यांनी माझ्यासाठी वात, पित्त, काय ते लिहून घेतलं असेल. आणखी एक रकाना त्यांच्याकडे असेल असं वाटलं नाही.

आता पथ्याचं काय झालं ते सांगते, नाहीतर वाचणारे विचारतील. दीड महिना झाला. जळजळ बरीच कमी आहे. ते चूर्णाने झालं, की चारचं फरसाण बंद केल्याने, की जेवताना मोबाइल पालथा ठेवल्याने, मला सांगता येणार नाही. जेवणाआधी आल्याचा तुकडा आणि सैंधव घेते, ते मात्र आवडलंय. जिभेला जाग येते. रात्रीचं दही सोडलं. ऑफिसातून निघताना साडेपाचला डब्यातली मुगाची खिचडी खाते, कोमट असते, गरम नसते, पण रात्री घरी आल्यावर मग वाटीभर ताक किंवा सार पुरतं. पहिले काही दिवस घरातल्यांना वाटलं मी रागावले आहे. मुलगा म्हणाला, "तू जेवायला बसत नाहीस तर मला बरं वाटत नाही गं." याचा विचार पथ्य सांगणाऱ्यांनी केलेला नसतो. एकत्र जेवायला मिळणारं आमचं तेवढंच एक जेवण, आणि मी त्यात सार पीत बसते. आठवड्यातून दोनदा नियम मोडते आणि त्याच्याबरोबर साडेनऊला पोळी-भाजी खाते. त्या रात्री जळजळ व्हायला हवी. बहुतेक वेळा होत नाही.

मन स्थिर होतं का, असं एका मैत्रिणीने विचारलं. हल्ली सात्त्विक आहाराच्या जाहिरातीत बाया डोळे मिटून हसत असतात, तसं काही झालेलं नाही. उलट मी चिडचिडी झाले सुरुवातीला. हाताला लागेल ते तोंडात टाकायची सवय सुटली की हातांना काय करावं कळत नाही. कंटाळा आला की खाणं, कोणी टाकून बोललं की खाणं, गाडी चुकली की प्लॅटफॉर्मवर वडापाव, यातलं काहीच न करता ती वेळ तशीच काढायची, हे मला अजून नीट येत नाही. वैद्यबाईच एकदा दादर स्टेशनच्या पुलाखाली दिसल्या, हातात वडापाव. मला पाहून दचकल्या नाहीत. तोंडातला घास संपवून म्हणाल्या, "सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. खूप भूक लागली होती." आणि शांतपणे, मोबाइल न बघता, शेवटच्या चटणीपर्यंत खाल्ला. मला त्यांचा जरा हेवाच वाटला.

परवाच्या रविवारची गोष्ट. आषाढातला धो धो पाऊस, गाड्या उशिरा असल्याच्या बातम्या, आणि मला कुठे जायचं नाही. मी ठरवलं होतं की आज घड्याळ बघायचंच नाही, भूक लागेल तेव्हाच जेवायचं. आईला साडेबाराला वाढलं. ती रोजच्यासारखी अर्धी पोळी आणि दोन घास भात खाऊन उठली, चिमणीएवढं. "आणखी घे" म्हटलं तर "पोट भरला" म्हणाली. बाबांचंच वाक्य. इतक्या वर्षांत ते मी तिच्या तोंडून रोज ऐकत आले आहे आणि सगळ्यांत शेवटी, उरलेलं, गार झालेलं जेवायची तिची सवय मोडायला मला पंधरा वर्षं लागली आहेत. मी खिडकीशी बसून राहिले. एक वाजून गेला असावा. पोटात काही नव्हतं, म्हणजे भूकही नव्हती. नुसती सवयीची हुरहुर होती, येऊन गेली. पुस्तक वाचलं. खाली कोणीतरी डोक्यावर पाटी घेऊन "फागलं, टाकळा" ओरडत गेली, तिला हाक मारून फागलं घेतली. मुंबईत त्याला कंटोली म्हणतात, पण ती आमच्याकडचीच निघाली. चिरत बसले. पाऊस थोडा उघडला आणि परत लागला.

मग आतल्या खोलीतून आईची हाक आली. मला वाटलं पाणी हवं असेल, किंवा पंखा कमी करायचा असेल. दारात गेले. ती पलंगावर उठून बसली होती, पदर नीट करत होती, जरा ओशाळल्यासारखी.

"माका भूक लागली गो."

मी किती वाजले ते पाहिलं नाही. उकडे तांदूळ धुतले, भरपूर पाण्यात पेजेला लावले. ती मागून काठी टेकत आली आणि ओट्याशी स्टूल ओढून बसली. सुकट आहे का म्हणाली. होती. तव्यावर टाकली तसा घरभर वास सुटला, शेजारणीने खिडकी लावून घेतल्याचा आवाज आला. आई म्हणाली, "जास्त भाजू नको, करपतली." मी दोन ताटल्या काढल्या.